तेविसावी मोरी

त्याला सगळे मुकादम म्हणत. तो मुकादम कधीच झाला नव्हता. रस्त्याच्या खात्यात त्यानं चौतीस वर्षं काढली ती फावडं, घमेलं आणि पहार यांच्या संगतीत, आणि कागदावर त्याच्या नावापुढे पहिल्या दिवसापासून ‘मजूर’ असंच लिहिलेलं होतं. पण चार माणसं काम करत असली की हा कमरेवर हात ठेवून कोणाचं फावडं कुठं चुकतंय ते सांगणार. म्हणून कोणीतरी चेष्टेनं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे साहेबलोकही त्याला मुकादमच म्हणू लागले. हुद्दा फुकटचा होता, पण त्यानं तो मनापासून सांभाळला.

महामार्गाचा अठरा किलोमीटरचा तुकडा त्याच्याकडे होता. महामार्ग म्हणायचं आपलं. दोन ट्रक समोरासमोर आले की एकाला चाक मातीत उतरवावं लागे. दोन्ही बाजूंना शेतं, मधूनच विटांची घरं, एक शाळा, एक पेट्रोल पंप, आणि रस्त्याच्या पोटातून आडव्या गेलेल्या एक्केचाळीस मोऱ्या. गाडीत बसून जाणाऱ्याला मोरी कधी दिसत नाही. पण पावसाळ्यात रस्ता तगतो तो मोऱ्यांच्या जिवावर. एका अंगाचं पाणी खालून दुसऱ्या अंगाला गेलं तर ठीक. अडलं तर रस्त्याचं धरण होतं, आणि मुरमाचा भराव काही धरण म्हणून घातलेला नसतो. हे तत्त्वज्ञान मुकादम भेटेल त्याला ऐकवायचा. पंक्चर काढायला थांबलेल्या परक्या माणसालाही त्यानं ते सोडलेलं नव्हतं.

दर वर्षी पावसाआधी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मोऱ्या साफ करायच्या, आणि साफ झालेल्या मोरीच्या कठड्यावर चुन्याचा हातभर पट्टा ओढायचा, ही पद्धत त्यानंच पाडली होती. पाहणीला येणाऱ्या साहेबांना जीपमधून उतरायला नको, एवढाच हेतू. पट्टा दिसला की साहेब रजिस्टरात खूण करत आणि जीप पुढे जाई. पहिली दोन वर्षं साहेब उतरून वाकून बघत. मग त्यांच्या लक्षात आलं की या माणसाच्या पट्ट्याखाली गाळाचं एक घमेलंही शिल्लक नसतं. तेव्हापासून कोणी उतरलं नाही. साहेब बदलत गेले, पण भरवसा मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. वीस वर्षांत एकही पट्टा खोटा निघाला नव्हता, आणि याचा मुकादमाला इतका गर्व होता की बायको म्हणायची, दुसऱ्या कोणाला देवानं रूप दिलं, तुम्हाला पट्टा दिला.

या वर्षी चाळीस पट्टे खरे होते.

झालं असं की पाहणी दोन दिवस अलीकडे आली. हाताखाली दिलेले दोन रोजंदार दुसरीकडे बरं काम मिळालं म्हणून आधीच पसार झालेले. मुकादमाचा उजवा गुडघा सुजून भोपळा झाला होता. तेविसावी तेवढी राहिली होती, आणि तेविसावी म्हणजे सगळ्यांत खोल. दोन मोठे नळ, वाकून आत शिरावं लागे. एक नळ दगडमातीनं जवळजवळ बुजलेला आणि दुसऱ्याच्या तोंडाशी एक आख्खं झुडूप अडकून त्याच्यामागे गाळ बसलेला. उद्या सकाळी जीप येणार. त्यानं बादलीतला उरलेला चुना बघितला, गुडघा बघितला, आणि पट्टा ओढून टाकला. सोमवारी येऊन साफ करू. पाऊस कुठं पळून जातोय?

जीप आली, गेली. सोमवारी गुडघा जास्तच दुखत होता. मंगळवारी एका वळणावर सिमेंटचा ट्रक उलटला, त्यात दोन दिवस गेले. मग काही कारणच उरलं नाही, आणि तरी राहिलं. यातली खरी गंमत, गंमत कसली, अशी की त्या पट्ट्यानं साहेबांच्या आधी त्यालाच फसवलं. सायकलवरून जाताना कठडा पांढरा दिसे आणि मनाला वाटे, झालंय हे काम. वीस वर्षांची सवय. तीन आठवडे तो रोज त्या खोट्यावरून सायकल हाकत गेला.

मग पाऊस आला तो सांगून सवरून आला नाही. दोन दिवस आणि दोन रात्री आभाळ नुसतं ओतत होतं. जुनी माणसं म्हणाली, असा आम्ही पाहिला नाही. अठरा किलोमीटरमध्ये रस्ता अकरा ठिकाणी वाहून गेला. त्यातली दहा ठिकाणं पाण्याची होती. एक त्याची होती.

तेविसाव्या मोरीच्या वरच्या अंगाला, रस्त्यापासून वीस पावलांवर, टेलरवहिनीचं घर होतं. तिचा नवरा खात्यातच ट्रक चालवायचा. मुकादमाचा जिवाभावाचा दोस्त. तो आजारपणात गेल्याला नऊ वर्षं झाली होती. वहिनीनं शिलाई मशीनवर घर चालवलं आणि सासऱ्याला सांभाळलं. सासरा हाडाचा रिकामटेकडा, पण गोड. दिवसभर दारात खुर्ची टाकून रस्त्यावरचे ट्रक मोजायचा, आणि मुकादम चहाला टेकला की आकडा सांगून म्हणायचा, तुझा रस्ता आज इतक्यांनी झिजवला बघ. पुराच्या दिवशी दुपारी मोरीतून पाणी जाईना. ते भरावाला तटलं, मागे सरकलं, अंगणात आलं, मग घरात. भराव फुटेपर्यंत तीन तास म्हातारा छातीभर पाण्यात खिडकीचे गज धरून उभा होता. वहिनीनं एका हातानं गज आणि दुसऱ्या हातानं त्याला धरून ठेवलं होतं. भराव फुटला तसं पाणी झरझर उतरलं. म्हातारा वाचला असं सगळे म्हणाले. पण गारठा छातीत बसला होता. आठव्या दिवशी दवाखान्यातच त्यानं प्राण सोडला. मुकादमानं खांदा दिला. चार माणसांत त्याचाच खांदा सगळ्यांत खाली झुकला होता, आणि लोकांना वाटलं, गुडघ्यामुळे.

पुराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो तेविसावीवर पोचला तेव्हा तिथं मोरी नव्हतीच. बस जाईल एवढं खिंडार, खाली गढूळ ओढा. दोन्ही नळ शंभर पावलांवरच्या शेतात जाऊन पडलेले, आतून स्वच्छ धुतलेले. गाळ नाही, झुडूप नाही, काही नाही. पुरावा म्हणून काय ते पाण्यानं वाहून नेलं होतं. मुकादमाला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं त्याला पुढं जन्मभर पुरलं. आपण असे आहोत हे त्याला त्या दिवशी कळलं.

पाऊस ओसरला आणि रस्ता बांधायचं काम निघालं. मुरमाचे डंपर, खडीचे ढीग, रोलर, पत्र्याचं ऑफिस, आणि खिंडाराच्या बाजूनं शेतातून काढलेला तात्पुरता रस्ता, जिथं एका वेळी एकच गाडी जाणार. त्या वळणावर लाल-हिरवी झेंडी घेऊन कोणीतरी उभं राहायला हवं होतं. गुडघ्याचा विचार करून साहेबांनी हे हलकं काम मुकादमाला दिलं. जागा कुठली, तर बरोबर टेलरवहिनीच्या दारासमोर. साहेबांना वाटलं, आपण मुकादमावर उपकार केले.

वहिनी दिवसातून तीनदा चहा आणून द्यायची. ट्रक थांबलेले असत, धूळ उडत असे, आणि ती कप हातात देऊन तिथंच दगडावर बसायची. मशीन पाण्यात गेलं होतं, ते दुरुस्त करून आणलं होतं, पण तिचं कामात लक्ष लागत नव्हतं. बोलणं फिरून फिरून तिथंच यायचं. पाणी अंगणात आलं तेव्हा मामंजी म्हणाले होते, सूनबाई, चल रस्त्यावर जाऊ. तेव्हा वेळ होता. ती म्हणाली, बसा, उतरेल पाणी. अर्ध्या तासानं निघायची सोयच उरली नाही.

‘मीच मारलं त्यांना, भावजी,’ ती म्हणायची. रडायची नाही; हिशोब सांगावा तसं सांगायची.

मुकादम म्हणायचा, असं बोलू नका वहिनी. मग हिरवी झेंडी दाखवायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं खाल्लं होतं एकानं आणि खवखव दुसऱ्याच्या घशाला होती. हे त्याला लख्ख समजत होतं, आणि समजूनही तो पुढच्या चहाची वाट बघायचा, कारण नको म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं तिनं.

नवीन इंजिनिअर मॅडम त्याच्या धाकट्या मुलीच्या वयाच्या होत्या. टोपी घालून भर उन्हात हिंडायच्या, प्रत्येक खिंडारात स्वतः उतरायच्या. तेविसावीवर त्यांनी घराच्या भिंतीवरची पाण्याची रेघ मोजली, रस्त्याची उंची मोजली, आणि मुकादमाला बोलावून रजिस्टर उघडलं. नोंद होती: साफ. मुकादम, नळ मोकळे होते ना, असं त्यांनी सहज विचारलं. तो तोंड उघडणार एवढ्यात वहिनीच दारातून म्हणाली, मुकादमभावजींची मोरी आहे ती, कठड्यावरचा पट्टा मी रोज बघत होते. यांचं काम बघायचं असेल तर सगळा रस्ता फिरून या. मॅडम हसल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. मुकादमानं मान हलवली. नुसती मान. तोंडानं खोटं बोललो नाही, असं त्यानं घरी जाताना स्वतःला सांगून बघितलं, पण पटलं नाही.

पंधरा दिवसांनी नकाशा आला. दोन नळ मोकळे असूनही पाणी भराव फोडून गेलं, म्हणजे या ओढ्याला आजवर धरलं होतं त्याच्या दुपटीनं पाणी येतं, असा सरळ अर्थ निघत होता. तेव्हा इथं मोरी पुरणार नाही, तीन गाळ्यांचा पूल हवा. पूल उंच, त्याला दोन्हीकडे उंच भराव, आणि भराव उंच की पायथा रुंद. तो पायथा वहिनीच्या घरातून जात होता. मोजणीवाल्यांनी अंगणात खुंट्या ठोकल्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल रंगाची फुली मारली. भरपाई मिळेल, महिनाभरात घर रिकामं करा, असं सांगून गेले.

वहिनीनं भांडण केलं नाही. पाणीच एवढं येतं तर पूल हवाच, म्हणाली. तिचं गिऱ्हाईक समोरच्या बसथांब्यावर उतरणाऱ्या बायकांचं. दुसरीकडे जाऊन नव्यानं मांडायचं वय राहिलं नव्हतं, आणि नवऱ्यानं आपल्या हातांनी बांधलेलं घर होतं ते. तरी ती एकेक वस्तू गाठोड्यात बांधू लागली. मुकादम समोर उभा राहून हे बघत होता. त्याच्या एका शब्दावर पुलाचं गणित उभं होतं, आणि तो शब्द त्यानं उच्चारलाही नव्हता.

रोलरवाला त्याचा जुना सोबती. त्याच्यापाशी मुकादमानं विषय काढला तो ‘समजा, एखाद्याची मोरी साफ करायची राहिली’ असा. रोलरवाल्यानं समजायचं ते समजलं. इंजिन बंद करून खाली उतरला आणि म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. पाच महिन्यांनी घरी बसायचंय तुला, म्हातारा काही परत येणार नाही, आणि पूल मोठा झाला तर लोकांचं भलंच आहे. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. म्हणूनच मुकादमाला त्यांचा राग आला.

बायकोला त्यानं सरळच सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली.

‘मला विचारू नका,’ ती म्हणाली. ‘बोला म्हटलं तर माझ्यामुळे पेन्शन गेली म्हणाल. गप्प राहा म्हटलं तर माझ्यामुळे घर पडलं म्हणाल. तुमचं तुम्ही ठरवा.’

मग चष्मा काढून एवढंच म्हणाली की, पुरापासून तुम्ही झोपेत कूस बदलताना माफ करा म्हणता, ते मला म्हणत नसणार हे मला कधीच कळलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो पत्र्याच्या ऑफिसात गेला. मॅडम डबा उघडत होत्या. त्यानं आधी गुडघ्याचं सांगितलं, मग रोजंदार पळाल्याचं, मग पाहणी अलीकडे आल्याचं. मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं आणि तो म्हणाला, ‘मॅडम, तेविसावी मी साफ केली नव्हती. चुना मारला होता. मोरी बुजलेली होती.’

मॅडमनी डब्याचं झाकण परत लावलं. किती बुजली होती, कुठला नळ, कुठपर्यंत, असं एकेक विचारून कागदावर लिहून घेतलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मग त्या संगणकाकडे वळल्या आणि बरंच काहीतरी करत बसल्या. मुकादम टोपी हातात घेऊन उभा होता. बाहेर डंपर खडी ओतत होता.

मॅडम म्हणाल्या, पुलाची गरज नाही. काँक्रीटची दोन गाळ्यांची चौकोनी मोरी पुरेल. भराव आहे तेवढाच राहील, घराला हात लागणार नाही. पण हे सगळं त्यांना वर लिहून कळवावं लागणार होतं, त्याच्या नावासकट. चौकशी लागेल, पेन्शनचं काय होईल ते सांगता येत नाही. मुकादम म्हणाला, लिहा.

तो निघाला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि ती न विचारता जाण्याइतकी अक्कल त्याला नव्हती.

‘मॅडम, मोरी साफ असती तर पाणी घरात गेलं असतं का?’

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनाही त्या घरात चहा मिळत होता.

‘अंगणात आलं असतं,’ त्या म्हणाल्या. ‘उंबरा नसता ओलांडला.’

मग त्यांनी विचारलं, बाईंना मी सांगू की तुम्ही सांगाल? मुकादम म्हणाला, मी.

वहिनी गाठोड्यांच्या मधे मशीन घेऊन बसली होती. मुकादमानं आधी चांगली बातमी सांगितली. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही शेवटची वेळ. पूल रद्द झाला वहिनी, नुसती मोरी होणार, घर राहतंय. तिनं उठून भिंतीला हात लावला, लाल फुलीच्या शेजारी, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्हीच काहीतरी खटपट केली असणार भावजी, म्हणाली. यांचे दोस्त म्हणून शोभलात. बसा, मी चहा टाकते.

‘चहा नको,’ मुकादम म्हणाला. ‘आधी ऐका.’

त्यानं सगळं सांगितलं. या वेळी गुडघा नाही, रोजंदार नाहीत. मोरी बुजलेली होती, हे मला माहीत होतं, तरी पट्टा ओढला, आणि तीन आठवडे गेलो नाही. मोरी मोकळी असती तर पाणी अंगणातून परत फिरलं असतं.

वहिनी हातातल्या कापडाची घडी घालत राहिली. घडी झाली, तिनं ती उलगडली, परत घातली.

‘मामंजी चला म्हणत होते,’ ती म्हणाली. ‘मी म्हटलं, भावजींनी मोरी साफ केलीय, पाणी थांबणार नाही. म्हणून थांबले मी.’

मुकादमानं मान खाली घातली. हे तिनं आजवर सांगितलं नव्हतं. किती खुबीनं तिनं त्याला त्यातून वगळलं होतं, रोज, प्रत्येक चहाला. दोष सांगताना त्याचं नाव येऊ नये म्हणून.

‘पुरापासून मी तुम्हाला सांगत होते की त्यांना मी मारलं. तुम्ही कप हातात घेऊन ऐकत होतात. एकदा म्हणाला असतात, वहिनी, तुमचं चुकलं नाही. एवढंच. बाकी काही सांगितलं नसतं तरी चाललं असतं.’

बाहेर झेंडीवाला नव्हता म्हणून दोन्हीकडून गाड्या हॉर्न मारू लागल्या होत्या. मुकादम उठला नाही. वहिनीनं कापड बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

‘भिंती पडायला लागल्या तेव्हा तुम्ही बोललात,’ ती म्हणाली. ‘मी तुमच्यासमोर रोज पडत होते, भावजी. तेव्हा नाही बोललात.’

हे खोटं असतं तर त्यानं काहीतरी उत्तर दिलं असतं.